तपासायचे पाचशे रुपये: सांगली फाट्यावरच्या एका वायरमनबद्दल

तपासणीचे पाचशे रुपये वेगळे मागणारा वायरमन आमच्या भागात लोकांना माजोरी वाटतो. ट्रक दुकानासमोर लावायचा, "बघा जरा" म्हणायचं, तो बघणार, काहीतरी बदलणार आणि बदललेल्या सामानात स्वतःची मजुरी काढणार, हा आपल्याकडचा शिरस्ता. इथं तसं नाही. मोजायचे पैसे वेगळे, सामानाचे वेगळे. मोजल्यावर काहीच बदलायला नको असं निघालं, तर पाचशे द्यायचे आणि गाडी घेऊन जायचं. मला विचाराल तर वर्षभरात या गाडीवर जेवढा पैसा घातला, त्यात हे पाचशे सगळ्यांत कारणी लागले.

दुकान पुणे-बंगळूरु महामार्गाच्या सर्व्हिस रोडला, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून सांगली फाट्याकडे येताना डाव्या हाताला. पाटीवर मालकाचं नाव नाही, नुसतं 'ऑटो इलेक्ट्रिक' रंगवलंय, तेही अर्धं उडालेलं. पत्र्याचं शेड, बाहेर तीन गाड्या उभ्या राहतील एवढी मोकळी जागा, आत भिंतीला टांगलेले जुने सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरी, आणि बॅटरी चार्ज करणारे डायनामो. सगळे मालकाला मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

आमच्या घरचा दोन गाड्यांचा व्यवसाय आहे. गाडीवरचं दीर बघतात. कागद, हप्ते, विमा, डिझेल, दुरुस्ती हे सगळं माझ्याकडं. दहा टायरी गाडी शिरोलीच्या फौंड्र्यांमधून कास्टिंग भरून चाकणला जाते, येताना मिळेल ते भाडं. बीएस-फोर, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली गाडी आहे, कंपनी कुठली ते सांगत बसत नाही, कारण यात कंपनीचा काही दोष नव्हता.

दुखणं असं होतं. किल्ली फिरवली की कधी एका दमात चालू, कधी नुसता 'टक्' आवाज आणि पुढं काही नाही. डॅशबोर्डचे दिवे लागलेले, हॉर्न खणखणीत, पण सेल्फ घेत नाही. गार गाडीला त्रास कमी, माल उतरवून गरम गाडी पुन्हा चालू करायची म्हटलं की हमखास. चाकणला कंपनीच्या गेटमध्ये गाडी अडकून राहिली आणि मागं लाइन लागली की काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते आमच्या ड्रायव्हरला, तात्यांना विचारा.

महामार्गावरच्या एका गॅरेजवाल्यानं हॉर्न वाजवून बघितला आणि बॅटऱ्या गेल्यात म्हणून सांगितलं. दोन नव्या बॅटऱ्या, पंचवीस हजाराच्या आसपास. थोडे दिवस बरे गेले. मग परत टक्. दुसऱ्या ठिकाणी सेल्फ उतरवला, आतले घासणारे कार्बन बदलले, वरचा सोलेनॉइड, म्हणजे किल्लीच्या हुकमावर सेल्फला करंट जोडणारा स्विच, नवा टाकला, आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, घासून दिलं. साडेसात हजार. तेही थोडे दिवस. तिसऱ्यानं आख्खा सेल्फच बदला म्हटलं, तेव्हा दीर म्हणाले, वहिनी, आता तुम्हीच चला बरोबर, हिशेब तुम्हीच करताय.

मामांनी गाडी लावून घेतली आणि कशालाही हात लावायच्या आधी तात्यांना चार-पाच प्रश्न विचारले. टक् एकदाच होतं की टकटकटक? दिवे त्या वेळेला पार विझतात की नुसते मंद होतात? गार असताना होतं की गरम? आणि शेवटचा प्रश्न, जो आधी कुणी विचारलाच नव्हता: "हे सुरू व्हायच्या आधी गाडीखाली कुणी काय काम केलंय?"

तात्यांना आठवलं. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स खाली घेतला होता आणि त्याच सुमाराला पासिंगसाठी चासीला काळा रंग मारला होता. मामा नुसते "हं" म्हणाले.

प्रश्नांमागचं गणित त्यांनी काम करता करता सांगितलं, तेवढं लिहिते, कारण रात्री आडरानात गाडी थांबली तर कुणालाही उपयोगी पडेल. टकटकटक असा भराभर आवाज येत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते: सोलेनॉइड ओढला जातो, त्याचे कॉन्टॅक्ट लागताच व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज परत येतं, परत ओढला जातो. एकच ठसठशीत टक् आणि दिवे फारसे मंद नाहीत, तर बॅटरीत दम आहे पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही, नाहीतर सेल्फच्या आत कार्बन किंवा कॉन्टॅक्ट गेलेत. टक् सुद्धा नाही, तर किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतचा सिग्नलच तुटलाय: किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज, न्यूट्रलचा स्विच, यातलं काहीतरी. आणि सेल्फ जोरात घुं करून नुसताच फिरतो, इंजिन हलत नाही, तर ते वायरिंगचं कामच नाही, बेंडिक्स, म्हणजे सेल्फचे दाते इंजिनात अडकवणारा भाग, किंवा हे दाते जिच्यात अडकतात ती फ्लायव्हीलची रिंग बघायची.

मग मीटर काढला. साधा डिजिटल मल्टिमीटर, पट्टी मारलेला. आणि इथं मला हे दुकान पहिल्यांदा आवडलं: मीटर त्यांनी माझ्या हातात दिला. "वैनी, आकडा तुम्ही वाचा, मी प्रोब धरतो. नंतर म्हणाल मामानं मनानं सांगितलं."

ट्रकला चोवीस व्होल्ट लागतात, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडलेल्या. आत्तापर्यंतच्या लोकांनी दोन्ही मिळून मोजलं होतं. २४.६ आलं की बास, चांगलंय. मामांनी एकेक बॅटरी वेगळी मोजली. एक १२.५, दुसरी १२.१. आकड्यात फरक किरकोळ दिसतो, पण गाडी बंद असताना एवढ्या फरकाचा अर्थ एक जवळजवळ भरलेली आणि दुसरी अर्ध्यावर आलेली, असा होतो. मग टोपणं उघडून हायड्रोमीटरनं पाणी ओढून बघितलं. एकीची घनता १.२४० च्या वर, दुसरीची १.१८० च्या आसपास. वर आणखी एक गंमत, जी भरलेली होती तिच्यातलं पाणी जास्त आटलेलं.

नव्या बॅटऱ्या, एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या, मग हे कसं? मामा केबिनमध्ये चढले, टेपच्या मागं हात घातला आणि एक लाल वायर ओढत ओढत बॅटरीच्या पेटीपर्यंत आले. टेप, छोटा पंखा आणि मोबाइलचा चार्जर, सगळं बारा व्होल्टचं, आणि त्यासाठी कुणीतरी दोन बॅटऱ्यांच्या मधल्या सांध्यावरून वायर घेतलेली. अशानं ज्या बॅटरीचा मायनस चासीला असतो, तेवढीच एकटी झिजते. डायनामो मात्र दोघींना एकाच ओळीत चार्ज करतो, सारखाच करंट दोघींतून जातो. मग जिच्यावर भार नाही ती गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवते आणि जिच्यावर टेप चालतो ती कायम अर्धपोटी. डायनामो अट्ठावीस व्होल्ट दाखवतो, मीटर खूश, पण त्या अट्ठावीसची वाटणी सारखी होत नसते. कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्या नंबरला रात्र रात्र उभ्या असतात आणि टेप चालू असतो, त्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे म्हणे. यावर इलाज म्हणजे चोवीसाचे बारा करणारा कन्व्हर्टर. तो दोन्ही बॅटऱ्यांवरून घेतो. हजार-बाराशे रुपयांत मिळतो.

तात्यांनी लगेच, "म्हणजे बॅटरीच होती म्हणा की." मामा म्हणाले, "थांबा. हे दुखणं आहे, पण ह्या दुखण्यानं गरम गाडीला नुसतं टक् होणार नाही."

यानंतर जे केलं ते आधीच्या तिन्ही ठिकाणी कुणी केलं नव्हतं. इंजिन लगेच चालू होऊ नये याची सोय करून घेतली, तात्यांना किल्लीवर बसवलं आणि सेल्फ फिरत असताना मोजलं. एका वेळेला पाच-सात सेकंद, मग मिनिटभर विश्रांती, परत पाच-सात सेकंद. सेल्फ त्या दिवशी फिरत होता, पण रेंगाळत. आधी दोन्ही बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर: २१.२. मग सेल्फच्या मोठ्या बोल्टवर आणि सेल्फच्याच बॉडीवर: १७.१. मी दोनदा वाचला तो आकडा. बॅटरी २१ देतेय आणि सेल्फला १७ मिळतायत, तर मधले चार कुठं गेले?

"आता चोर शोधायचा," मामा म्हणाले. एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा सेल्फच्या तीस नंबरवर, म्हणजे त्याच मोठ्या बोल्टवर, सेल्फ फिरवला: ०.७. म्हणजे प्लसच्या वाटेवर पाऊण व्होल्टसुद्धा जात नाही. त्यांच्या हिशेबानं अर्ध्याच्या आत असलं तर उत्तम, एकच्या वर गेलं तर केबल बघायची. मग एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा थेट इंजिनच्या ब्लॉकवर, जागा खरवडून. सेल्फ फिरवला. ३.४.

चोर अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट इंजिनातून चासीमार्गे बॅटरीच्या मायनसला परत जातो त्या वाटेवर होता.

तीस नंबर, पन्नास नंबर ही या लोकांची रोजची भाषा. डीआयएन ७२५५२ नावाच्या जर्मन मानकातले हे आकडे आहेत: तीस म्हणजे बॅटरीचा थेट प्लस, पन्नास म्हणजे किल्लीकडून सेल्फला येणारा हुकूम, एकतीस म्हणजे अर्थ, पंधरा म्हणजे किल्ली चालू केल्यावर येणारा प्लस. सेल्फवर, रिलेच्या डबीवर, वायरिंगच्या नकाशात हेच आकडे छापलेले असतात. गाडी कुठल्याही कंपनीची असू दे, एवढे चार पाठ असले तरी गॅरेजात कुणी काहीही सांगून वेळ मारून नेऊ शकत नाही.

मी विचारलं, मागच्या गॅरेजात अर्थिंग तपासली होती की, मीटरनं 'बीप' वाजवून दाखवलं होतं. मामा हसले. तो बीप म्हणजे मीटर स्वतःच्या बॅटरीतून चिमूटभर करंट सोडून बघतो. केबलची एक तार शाबूत असली तरी बीप वाजतो, टेस्ट लॅम्प लागतो, हॉर्न वाजतो. सेल्फचं काम वेगळं: चार-पाच किलोवॉटची मोटर ती, चोवीस व्होल्टवर क्षणात काहीशे अँपिअर मागते. तीनशे धरले तर ३.४ व्होल्ट पडायला ०.०११ ओहमचा अडथळा पुरतो. साध्या मीटरच्या प्रोबच्या वायरीतच त्याच्या कितीतरी पट जास्त अडथळा असतो, मग ओहमवर लावून तो दिसणार कुठून? भार टाकून व्होल्टच मोजायला लागतात. हे त्यांनी खडूनं टायरवर लिहून दाखवलं. आणि वर म्हणाले, "दहाची मोटर आणि अर्ध्या इंचाचा पाइप. मोटर कितीबी बदला, पाणी तेवढंच येणार."

खात्रीसाठी त्यांनी एक जाडजूड जंपर केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला, बॅटरीपासून लांब. तात्यांनी किल्ली मारली आणि सेल्फ असा फिरला की तात्या केबिनमधून खाली वाकून बघायला लागले. काही बदललं नव्हतं. नुसती वाट दिली होती.

मग गाडीखाली गेले आणि मलाही वाकून बघायला लावलं. इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही, म्हणून ही पट्टी. गिअरबॉक्स उतरवताना ती सोडली होती. परत बसवताना चासीच्या बाजूचा लग, म्हणजे पट्टीच्या टोकाचं बोल्टात बसणारं कडं, नव्या काळ्या रंगावरच आवळला होता. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा करंट जाईल तेवढाच. लगभोवती रंग भाजून तपकिरी झालेला, पट्टीच्या अर्ध्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या. गरम गाडीला त्रास जास्त का, ते इथं कळलं: तापलं की त्या सांध्याचा अडथळा आणखी वाढतो आणि सेल्फच्या आतल्या तांब्याचाही. ३.४ व्होल्ट गुणिले तीनशे अँपिअर, म्हणजे एवढ्याशा सांध्यावर हजार वॉटची उष्णता. तात्यांनी लगला बोट लावलं आणि लगेच काढलं.

त्याहून वाईट गोष्ट पुढं होती. गिअर लिव्हरकडून गिअरबॉक्सला जाणाऱ्या केबलचं प्लास्टिकचं कव्हर एका जागी वितळून आत बसलं होतं. मामा म्हणाले, करंटला वाट दिली नाही तर तो दुसरी शोधतो. इंजिनवरून चासीला जोडलेलं जे काही लोखंड असेल त्यातून निघतो: गिअरची केबल, जुन्या गाडीत अॅक्सिलरेटरची केबल, कधी बेअरिंगमधून. त्या केबलीला तीनशे अँपिअरची सवय नसते. गिअर अडकत होता म्हणून गेल्या महिन्यात तात्यांनी केबलीला ग्रीस भरून घेतलं होतं. ते दुखणंही इथलंच.

काम करताना त्यांनी जे केलं त्यातली एक-दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. नवी अर्थिंग पट्टीऐवजी सत्तर स्क्वेअर एमएमच्या वेल्डिंग केबलची बनवली. लग छिन्नीनं ठोकून बसवला नाही, हायड्रॉलिक प्रेसनं दाबला. आमच्याकडं अजून बरेच जण छिन्नी-हातोड्यानंच लग दाबतात आणि दाबल्यासारखा दिसतोही, पण आत तारांमध्ये हवा राहते आणि पावसाळ्यात पाणी शिरतं. चासीवरचा रंग पॉलिश पेपरनं पार लोखंड दिसेपर्यंत काढला, दातेरी वॉशर घातला, आवळला, आणि मग वरून व्हॅसलिन. आधी व्हॅसलिन फासून मग आवळायचं नाही, हे त्यांनी हाताखालच्या पोराला माझ्यासमोर दोनदा सांगितलं. दुसरी एक केबल त्यांनी बॅटरीच्या मायनसपासून थेट सेल्फ इंजिनला आवळलेल्या बोल्टापर्यंत टाकली, तीस नंबरच्या नव्हे. म्हणजे उद्या चासीचा सांधा गेला तरी सेल्फ उपाशी राहणार नाही. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारून केलं, केबलीचे पैसे वेगळे लागतील हेही आधी सांगितलं.

परत मोजलं. मायनसच्या बाजूला ०.२. सेल्फवर वीसच्या वर. डायनामो चालू गाडीत २७.९, म्हणजे तोही ठीक. मधल्या सांध्यावरची लाल वायर काढली, कन्व्हर्टर बसवला, अर्धपोटी बॅटरी बाहेर काढून रात्रभर चार्जिंगला लावली. ती वाचली. जिचं पाणी आटलं होतं तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घातलं. एकूण बिल ५,२०० रुपये, त्यात तपासणीचे पाचशे आले, दोन्ही केबली, कन्व्हर्टर आणि मजुरी आली. आधीच्या बत्तीस हजारांशी तुम्हीच ताडून बघा. उन्हाळा गेला, पाऊस गेला, गाडीनं टक् केलेलं नाही. गिअरची केबल नंतर वेगळी बदलली, ते काम त्यांचं नाही, कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आणली.

तात्यांना मात्र मामांची बोलणी खावी लागली. सेल्फ घेत नाही म्हटलं की आपले ड्रायव्हर काय करतात, मोठा पाना घेऊन सेल्फच्या तीस आणि पन्नासवर आडवा धरतात. ठिणगी पडते, सेल्फ फिरतो. पण अशा वेळी किल्लीचा, न्यूट्रलच्या स्विचचा काही संबंधच राहत नाही. गाडी गिअरमध्ये असली तर ती गाडीखाली असलेल्या माणसाच्या अंगावर जाते. मामांनी एकाच वाक्यात सांगितलं: "पाना लावायचा असंल तर आधी बायकोला फोन लावा." दुसरं, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथं ठिणगी पडली तर बॅटरी फुटते आणि अॅसिड तोंडावर येतं. म्हणून जंपरचं शेवटचं टोक बॅटरीवर नाही, लांब इंजिनच्या लोखंडावर लावायचं. टोचन करून गाडी चालू करायच्या सवयीवरही बोलले. इलेक्ट्रॉनिक इंजिनात ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही तर ओढून काही होत नाही, उलट सेल्फ फिरताना व्होल्टेज फार पडलं की ईसीयू मध्येच झोपतो. तेव्हा सेल्फ फिरतोय पण गाडी चालू होत नाही, म्हणून लोक डिझेलची लाइन खोलत बसतात.

चासीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीच्या केबली सोडा आणि ईसीयूचे कनेक्टर काढा, हे तर त्यांनी भिंतीवर रंगवूनच ठेवलंय. दुकानात लिहिलेली ती एकच सूचना.

त्यांचा हात कशावर बसलाय ते विचारलं तर म्हणाले, महापुरानं शिकवलं. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीत महामार्गावर आलं, वाहतूक बंद पडली, तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर कितीतरी महिने त्यांच्याकडं येत होत्या. बाहेरून वायर धडधाकट, आत तांबं हिरवं होत होत इन्सुलेशनच्या खालून हातभर पुढं गेलेलं. डोळ्यांनी बघून कळायचंच नाही. तेव्हापासून मोजल्याशिवाय खोलायचं नाही.

आता तक्रारी. बसायला जागा नाही, एक मोडकं बाकडं आहे आणि त्यावर बहुतेक वेळा एखादं आर्मेचर बसलेलं असतं. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, शेजारच्या पेट्रोल पंपावर जायला लागतं. फोन उचलत नाहीत. हात तेलात असतात हे मान्य, पण पोराला तरी सांगावं. काम संथ चालतं. आमचं काम सकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं, त्यातला बराच वेळ बॅटरी चार्जिंगचा होता, तरी भाडं गेलं ते गेलंच. बिल छापील देतात, पण त्यावर 'इलेक्ट्रिक काम' एवढंच लिहितात. मला हिशेबाला कन्व्हर्टर वेगळा, केबल वेगळी दाखवायची होती, तर पेन माझ्याच हातात दिलं आणि म्हणाले लिहून घ्या. मी लिहिलं, त्यांनी सही केली.

बीएस-सिक्स गाडीसाठी जात असाल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर आधी नीट विचारून घ्या. वायरिंग, बॅटरी, सेल्फ, डायनामो ते बिनधास्त बघतात, पण धूर साफ करणाऱ्या युरियाच्या सिस्टिमचा फॉल्ट किंवा सेन्सरचा कोड असेल तर सरळ कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतात. स्कॅनर आहे, वापरतात कमी. मला यात वावगं वाटलं नाही, जे येत नाही ते येत नाही म्हणाले. आमची दुसरी गाडी बीएस-सिक्स आहे, तिच्याबद्दल एक गोष्ट मात्र त्यांनी फुकट सांगितली: किल्ली बंद केल्या केल्या कट-ऑफ, म्हणजे बॅटरी तोडायचा स्विच, फिरवायचा नाही. गाडी बंद झाल्यावरही युरियाचा पंप नळीतला युरिया परत टाकीत ओढून घेत असतो, त्याला एक-दोन मिनिटं द्यायची. घाईनं कट-ऑफ मारला तर नळीत युरियाचे खडे जमतात. आमचा त्या गाडीचा ड्रायव्हर रोज किल्लीच्या पाठोपाठ कट-ऑफ फिरवायचा, कारण टेपच्या नादात बॅटरी उतरू नये म्हणून आम्हीच तसं सांगितलेलं. आता मोबाइलवर एक गाणं होईपर्यंत थांबतो.

पाचपैकी चार. एक कमी फोनसाठी.

सोमवारी बंद असतं. उसाचा हंगाम लागला की दारात ट्रॅक्टर-ट्रकची रांग लागते, तेव्हा दिवाळीच्या आत जाऊन या. जाताना गाडीखाली शेवटचं काय काम झालं, कधी झालं, ते ड्रायव्हरकडून विचारून लिहून न्या, आणि पाचशे सुट्टे ठेवा, ते आधीच मागतात. ऑनलाइन चालतं, पण तिथं रेंज लागत नाही.